बाबा, आता स्टुलावर चढायचं नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

यंदा गणपतीला येत नाहीये. नवी नोकरी लागून महिनाच झालाय, रजा मिळाली ती दीड दिवसाची. बंगळुरूहून चिपळूण गाठण्यातच ती संपेल. आई, डिसेंबरात पंधरा दिवस येते, तेव्हा मोदक कर. नक्की येते.

बाबांचा घोटा अजून सुजतो हे काकूकडून कळलं. राउटर कपाटावर मीच ठेवला, म्हणून मला फार लागलंय ते. वीज आली की तो लगेच सुरू होतो, फायबरचा डबा मागाहून. तोवर राउटर त्याच्याकडे इंटरनेटचा पत्ता मागून थकतो आणि गप्प बसतो. मग तो बंद-चालू करायला बाबा स्टुलावर.

म्हणून दुसरा राउटर पाठवलाय. त्यात ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची मोफत प्रणाली, घालून माझी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, आतच बसवली आहे. पहिल्यांदा सुरू होताना ती स्वतःच सगळं लावते. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलाय, त्यामुळे टीव्हीत, फोनमध्ये काही भरायला नको. मे महिन्यात मी हातानं लावलेलं सगळं त्या रीसेटच्या भोकात पिन गेल्यावर पुसलं होतं ना? आता पिन घातली तरी स्क्रिप्ट पुन्हा चालते, घडी जशीच्या तशी बसते.

दुसरी छोटी स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे राउटरमधल्या गजरावर, दर 5 मिनिटांनी बाहेर पिंग करते, म्हणजे इंटरनेटला हाक मारून उत्तराची वाट बघते. तीनदा उत्तर आलं नाही तर आधी जोडणी नव्यानं मागते, तरीही नाही आलं तर राउटर रीस्टार्ट करते. पण अर्ध्या तासात एकदाच. लाइनच तुटली असेल तर उगाच बंद-चालू होत राहायला नको. इथं टेबलावर प्लग उपटून उपटून पाहिलंय. आई, त्यात कॅमेरा नाही, तुमचं बोलणं कुठं जात नाही.

फ्यूज गेला की बाबा तार बांधायचे आणि मी बॅटरी धरायचे. हात हलला तरी कधी ओरडला नाहीत. आता बॅटरी तुम्ही धरा, काम मला करू द्या.

राउटर टीव्हीशेजारच्या खालच्या खिळ्याला अडकवा. फायबरच्या डब्याची वायर निळ्या भोकातच. गडगडाट झाला तर प्लग काढा, नंतर लावा, बाकी काही करू नका. स्टूल काकूकडे देऊन टाका, आजच. घोटा डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणाले ते मला नीट सांगा.

आरतीला व्हिडिओ कॉल करीन. आई, फोन समईपासून लांब टेकव.

तुमची,
चिमी