बंदरावर उतरलेली मासळी म्हणजे समुद्रातील साठा नव्हे: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

राज्यातील मासेमारीची चर्चा बहुतेक वेळा बंदरांवर उतरलेल्या टनांवरून होते. पण साठा घटत असतानाही नौका अधिक दूर जाऊन, अधिक दिवस राहून तेवढीच मासळी आणू शकतात. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत हेच घडले. उरलेला मासा थोड्या जागेत एकवटला होता, मोठ्या नौकांना तो तिथे मिळत राहिला आणि त्यांनी पकडलेल्या मासळीवर भिस्त ठेवल्याने साठ्याचा अंदाज फुगत गेला. अखेर २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद झाली आणि हजारो कुटुंबांची रोजीरोटी गेली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेला सोबत घेऊन राज्याने पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात दरवर्षी, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या ठिकाणी, ध्वनी व ट्रॉल (नौकेमागून ओढायचे जाळे) असे जोडसर्वेक्षण करावे. इकोसाउंडरने (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने) सोडलेला ध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून परततो आणि त्याच्या तीव्रतेवरून थव्याचा अंदाज बांधता येतो. मात्र तो ध्वनी माशाची जात खात्रीने सांगत नाही, आणि तळाला लागून असलेला मासा तळाच्याच प्रतिध्वनीत हरवतो. तिथे ट्रॉल जाळे ओढून जात, लांबी आणि वय पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

जाळ्यात सगळाच मासा येत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु जाळे, वेग आणि ओढण्याचा वेळ तोच ठेवला, तर चूकही दरवर्षी साधारण सारखीच राहते आणि चढउतार विश्वासाने वाचता येतो. अमेरिका अलास्कालगतच्या पूर्व बेरिंग समुद्रात १९८२ पासून अशी मोजणी करत आली आहे. तिथे जाळे एका वेळी साधारण अर्धा तास ओढतात. २०२१ च्या मोजणीत स्नो क्रॅब खेकड्यांची संख्या कोसळल्याचे दिसले आणि २०२२-२३ चा हंगाम प्रथमच बंद ठेवला गेला. एखाद्याच वर्षीच्या सर्वेक्षणातून असा निर्णय घेता आला नसता.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. उत्तर किनाऱ्यावर समुद्रात डोल जाळ्यांचे (एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट रोवलेले असतात, त्यामुळे सर्वेक्षणाच्या जागा मच्छीमार सहकारी संस्थांशी बोलूनच ठरवाव्या लागतील. निष्कर्षही मराठीत आणि पावसाळी बंदी उठण्यापूर्वी त्यांच्या हाती पडावेत, कारण नौकेवर किती खर्च करायचा हे ते तेव्हाच ठरवतात.

आपला,
किनारपट्टीवरील एक नागरिक