मदत व पुनर्वसन मंत्री साहेबांना खुलं पत्र : चावी आमच्या वाडीत ठेवा

मंत्री साहेब, नमस्कार.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यात घुसलं, कौलं उडाली, सुपारीच्या वाड्या झोपल्या, रस्ते झाडांनी बंद, लाईट नाही, रेंज नाही आणि वर कोरोनाचं लॉकडाऊन. त्या रात्री आमच्याकडे सरकार म्हणून कोणी नव्हतं. रागाने नाही बोलत, रस्ताच नव्हता तर येणार कुठून? पण रस्ता मोकळा केला कोणी? एकाचा लाकडाचा कटर, मच्छीमारांचे दोर आणि वीसेक पोरं. ज्यांचे तांदूळ भिजले नव्हते त्यांनी आणून दिले, एकाच चुलीवर सगळ्यांचं जेवण, हिशोब कोणी मागितला नाही.

याला अनार्किस्ट, म्हणजे अराजकवादी पद्धत म्हणतात हे मला नंतर कळलं. आपल्याकडे अराजक म्हटलं की दगडफेकच डोळ्यासमोर येते, पण मुद्दा साधा आहे, वरून हुकूम यायची वाट न बघता आपापसात ठरवून काम करायचं. २००५ ला कटरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला मलिक रहीम आणि साथीदारांनी कॉमन ग्राउंड नावाचा मदतगट सुरू केला, मोफत दवाखाना चालवला, म्हणणं एकच, दान नको, साथ. २०१२ ला सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ऑक्युपायवाल्यांनी, म्हणजे वॉल स्ट्रीटवर ठाण मांडून आंदोलन केलेल्यांनी, लग्नाच्या आहेराची ऑनलाईन यादी वापरून लोकांकडून मदतीचं सामान मागवलं (आमच्याकडे आहेरात अजून टोपच येतात). आणि लांब कशाला, शासनमुक्त समाज म्हणणारे विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे.

मग तुमची माणसं आली. पंचनामा, सातबारा, फोटो. मदत हेक्टरी ५० हजार. अहो साहेब, इथे हेक्टर आहे कोणाकडे? पाच गुंठ्याची वाडी, म्हणजे झाले अडीच हजार, त्यात सातबाऱ्यावर सतरा नावं आणि अर्धी मुंबईला. सुपारी परत लागायला सहा-सात वर्षं.

आता गावकीचं पण खरं सांगतो. गावकी म्हणजे रामराज्य नाही. चूल बायकांनी चालवली, पण ताडपत्र्या कोणाला द्यायच्या ते ठरवायला पुरुषच बसले, आणि टोकाच्या वाडीत ताडपत्री सगळ्यात शेवटी गेली. हे बदलायचं काम आमचं आहे, तुमचा जीआर ते नाही करणार.

तुमच्याकडे मागणं एवढंच. कटर, जनरेटर, दोर, ताडपत्र्या तालुक्याच्या गोदामात कुलूप लावून ठेवू नका, पावसाच्या आधी वाडीवाडीत द्या आणि चावी पण तिथेच राहू द्या. थोडे पैसे वाडीच्या उघड्या बैठकीत खर्च होऊ देत, बायका आणि टोकाची वाडी धरून, हिशोब देवळाच्या भिंतीवर लावू. अनार्किस्ट म्हणतील मंत्र्याला कसली पत्रं लिहितोस, पण टॅक्स तर आमचाच आहे ना.

त्या कटरची चेन तेव्हाच तुटली. वर्गणी काढून नवीन घातलीय, पण चार वाड्यांना एक कटर पुरत नाही.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक वाडीवाला