वृक्षारोपण स्पर्धेचे बक्षीस पुढच्या जूनमध्ये द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागात शाळा, महाविद्यालये आणि गल्लीतील मंडळांसाठी वृक्षारोपण व स्वच्छतेच्या स्पर्धा जाहीर होतात. पोरे जीव ओतून राबतात. मात्र गुण मिळतात ते रोपांच्या संख्येला आणि फोटोंना, आणि निकाल लागतो १५ ऑगस्टच्या आत. रोपाची खरी परीक्षा असते जानेवारी ते मे. नेमके तेव्हा आधी वार्षिक परीक्षा आणि मग सुट्टी. शाळेला कुलूप लागते, पाणी तुटते आणि रोप एप्रिलमध्ये वाळते. म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती: रोपे किती लावली हे मोजू नका. मेअखेर किती हिरवी आहेत ते मोजा आणि बक्षीस पुढच्या जूनमध्ये द्या.

त्यासाठी आधी संख्या कमी करावी लागेल. सहा मुलांच्या गटाला दहा रोपे पुष्कळ झाली. उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्याला १० लिटर धरले, तर दहा रोपांना १०० लिटर लागतात; जानेवारी ते मे मिळून दोन हजार लिटरच्या वर. एवढे पाणी मुले कळशी-बादलीने घालू शकतात. शंभर रोपे लावली, तर तोच आकडा वीस हजारांवर जातो. तिथे टँकरच लागतो आणि टँकर सहसा येत नाही.

तयारी एप्रिलपासून हवी. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून महिनाभर उन्हात तापू द्यावा. वरच्या थरातली माती वेगळी ठेवून त्यात दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेले खत घातले की वाळवी लागते. दोन-अडीच फुटांचे, सरळ शेंड्याचे रोप निवडावे. पिशवीच्या तळाशी मुळे गोल वेटोळे घालून बसली असतील, तर ते रोप नाकारावे. ती मुळे पुढेही सरळ होत नाहीत आणि वाऱ्याने झाड उपटते. लावताना पिशवी कापून पूर्ण काढायची. तासाभरात शंभर रोपे लावण्याच्या घाईत सर्वात जास्त राहून जाते ते हेच. बांबूच्या काठीला सुतळीने सैल आठाचा फास द्यावा, वायर वापरू नये. लोखंडी जाळी लावली असेल, तर बुंधा तिला टेकण्याआधी काढावी.

एकच जात सगळ्या जिल्ह्याला वाटणे ही मोठी चूक आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, अथणीला ५००-६०० मिलिमीटर. खानापूरच्या जांभ्या जमिनीत खड्डा कुंडीसारखा भरतो आणि मुळे कुजतात. तिथे माती उंचवट्यासारखी चढवून जांभूळ, किंजळ, नाणा, हिरडा लावावा. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात. तिथे कडुनिंब, करंज, चिंच तग धरतात. आळ्यात उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन हवे, पण बुंध्यापासून वीतभर दूर. अथणीकडे बराचसा पाऊस सप्टेंबरात होतो. त्यामुळे ५ जूनलाच रोप लावण्याचा हट्ट तिथे धरू नये. पर्यावरण दिनी खड्डे तपासावेत आणि जमीन हातभर ओली झाल्यावर रोप लावावे. विजेच्या तारांखालची जागा तर स्पर्धेतून बादच करावी. चार वर्षांनी तिथे कुऱ्हाड पडतेच.

भाताची सुगी आटोपली की गुरे मोकळी सुटतात. दिवाळीनंतर बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचे कुंपण नसेल, तर रोप शेळ्यांनी खाल्लेच म्हणून समजावे.

गुणांकन सोपे ठेवता येईल. शंभरपैकी साठ गुण जगलेल्या रोपांना, वीस जागा व जातीच्या निवडीला, वीस नोंदवहीला. प्रत्येक रोपाला क्रमांक द्यावा आणि दर महिन्याला एकाच जागेवरून, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो घ्यावा. तपासणी न कळवता ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मेअखेर अशी तीनदा व्हावी. ऑगस्टअखेरपर्यंत नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, मुभा असावी; मात्र मेलेले रोप का मेले हे वहीत लिहिलेच पाहिजे. माझ्या मते त्या वहीतून मुले सर्वात जास्त शिकतात, त्यामुळे प्रामाणिक नोंदीला गुण कापू नयेत.

स्वच्छता स्पर्धेतही कचऱ्याच्या वजनावर बक्षीस नको. वजनासाठी ओली माती आणि दगडही पोत्यात जातात. साफ केलेली जागा महिन्याभराने कशी आहे ते पाहावे. गणेशोत्सवातील निर्माल्यासाठी दोरे, प्लास्टिक, थर्माकोल त्याच दिवशी वेगळे करून उरलेल्या फुलापानांत दुप्पट वाळका पाला मिसळला, तर दोन महिन्यांत खत तयार होते. गुण त्या तयार खताला द्यावेत. नाल्यात किंवा विहिरीत मुलांना उतरवू नये, हा नियम अर्जावरच छापावा.

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. उन्हाळ्यातले पाणी घालण्याचे तास त्यात धरले, तर महाविद्यालयीन मुलांची मोठी मदत होईल. शाळेच्या गटात दहावीची मुले नकोत, आठवी-नववीची असावीत. सुट्टीत पाणी कोण घालणार, त्या गल्लीतल्या मंडळाचे नाव अर्जातच लिहून घ्यावे. अर्ज मराठी, कन्नड आणि उर्दूत असावेत, म्हणजे एका गल्लीतली तिन्ही माध्यमांची मुले एका गटात येतील. एप्रिलमध्ये खड्डे व्हायचे, तर हे अर्ज फेब्रुवारीतच शाळांत पोहोचले पाहिजेत.

आपला,
एक वाचक, बेळगाव