करंगळीवरच्या कुरुपाबद्दल विनूला पत्र

प्रिय विनू,

पत्र मिळालं. पुढचं वाचण्याआधी एक कर, ते दाढीचं ब्लेड होतं तिथं ठेवून दे. कुरूप घरच्या घरी कोरायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली निम्मी नंतर पू झाला म्हणून डॉक्टरांकडे लंगडत गेली.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला टणक गाठ, मधोमध पिवळसर ठिपका आणि बूट चढवला की कळ थेट मस्तकात, हे वर्णन कुरुपाचंच आहे. चवड्याखाली जाड, पसरट कातडी झाली आहे पण दुखत नाही म्हणतोस, तो घट्टा. दोन्ही होतात एकाच कारणानं. एका जागी सतत दाब आला, कातडी घासली गेली की ती स्वतःला वाचवायला वरचा थर जाड करत जाते. दाब जरा मोठ्या भागावर पसरलेला असला तर घट्टा पडतो. हाडाच्या टोकासमोर, इवल्याशा जागेत तो एकवटला तर जाड थर आत दबत जातो आणि त्याचा कठीण गाभा तयार होतो. हा गाभा ठोकलेल्या खिळ्यासारखा, निमुळतं टोक आत. पाऊल टाकलं की ते टोक खालच्या नसांवर दाबलं जातं, म्हणून इतकीशी गोष्ट एवढं बेजार करते.

आता तुझा मुख्य प्रश्न, 'मुळासकट कसं काढायचं?' विनू, कुरुपाला मूळ नसतंच. ती सगळी मेलेली कातडी असते. काढलं तरी परत येतं ते आत काही उरलं म्हणून नव्हे, तर तुझा बूट अजून तोच आहे म्हणून. त्यामुळे औषधाच्या आधी मी तुझ्या बुटाकडे बघेन. कोऱ्या कागदावर उभा राहा, अंग दोन्ही पायांवर सारखं टाक आणि कुणाला तरी पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांग. मग त्या आकृतीवर बूट ठेवून बघ. करंगळीकडची रेघ बुटाच्या बाहेर डोकावत असेल, तर दोषी सापडला. नवा जोड घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय मापून घे आणि जो मोठा भरेल त्याच्या मापाचा घे. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरायला हवी. मात्र ढगळ बूटही नको, त्यात पाऊल पुढेमागे सरकतं आणि घासणं उलट वाढतं. 'वापरून वापरून सैल होईल' असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नकोस. तोवर तुझं बोटच बुटाच्या आकाराचं होईल.

जुनं कुरूप कमी करायला घाई नको. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवून ठेव. कातडी फुगून पांढुरकी होईल आणि मधला गाभा काचेसारखा अर्धपारदर्शक, वेगळा दिसायला लागेल. मग वज्रीनं किंवा पाय घासायच्या दगडानं हलकेच घास, जोर लावू नकोस. वरचा पापुद्रा निघाला की थांब, उरलेलं उद्या. त्यावर युरिया असलेलं क्रीम लाव. त्यातला 10 ते 25 टक्के युरिया जाड कातडी मऊ करतो. घासायचं वगळलंस तरी चालेल, पण क्रीम रोज लावत जा, असं मी तर म्हणेन.

कॉर्न कॅपबद्दल, म्हणजे कुरुपावर चिकटवायच्या औषधी चकतीबद्दल विचारलंयस. त्यात बहुधा 40 टक्क्यांच्या आसपास सॅलिसिलिक आम्ल असतं, आणि कातडी मेलेली की जिवंत हे त्याला कळत नाही. चकती जराशी सरकली तरी शेजारची चांगली त्वचा सोलवटते. लावायचीच असेल तर भोवती व्हॅसलिनचा थर दे, वेष्टनावर लिहिल्यापेक्षा जास्त दिवस ठेवू नकोस, आणि आग व्हायला लागली तर लगेच काढ. खरं तर करंगळीवर सिलिकॉनची नळीसारखी टोपी मिळते, ती चढवून बघ. दाब त्याच दिवशी हलका होतो.

एक खात्री मात्र करून घे, ही चामखीळ तर नाही ना? तळव्याची चामखीळ विषाणूमुळे होते आणि दिसायला फसवी असते. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. शिवाय चामखिळीत बारीक काळे ठिपके असतात आणि कातडीवरच्या रेषा तिच्या कडेशी तुटतात. घट्ट्यावर त्या रेषा सलग चालू राहतात. आणि करंगळी नि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कधी पांढरं, ओलसर, दुखरं काही दिसलं तर त्याला चिखल्या समजून मलम फासत बसू नकोस, तेही मऊ कुरूप असू शकतं. बेचकं कोरडं ठेवायचं आणि दोन बोटांच्या मध्ये गादी घालायची.

चवड्याखालचा घट्टा दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नकोस. अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या तळव्यांचा एक अभ्यास 2019 मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. त्यात असं दिसलं की घट्टा जाड झाला म्हणून तळव्याची स्पर्शाची जाण कमी होत नाही. म्हणजे शरीरानं स्वतःसाठी चांगलाच तळ शिवलेला असतो. भेगा पडायला लागल्या किंवा चालताना दुखलं, तेवढ्यापुरतं बघ.

आता काकांचं. त्यांच्या अंगठ्याखालीही घट्टा आहे असं तू सहज लिहून गेलास, पण त्या एका ओळीनंच मला जास्त काळजी वाटली. त्यांना इतक्या वर्षांचा मधुमेह आहे. वर लिहिलेलं बरंचसं त्यांच्यासाठी नाही. कॉर्न कॅप अजिबात नाही, वज्री नाही, पाणी गरम की कोमट हे त्यांच्या पायाला कळेलच असं नाही म्हणून पाय भिजवत ठेवणं नाही, घरातसुद्धा अनवाणी चालणं नाही. मधुमेहात पायाची संवेदना मंदावली की घट्ट्याखाली जखम होत जाते आणि माणसाला पत्ताच लागत नाही. घट्ट्यात लालसर काळपट डाग दिसला तर आत रक्त साकळलंय असं समज आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. डाग नसला तरी एकदा दाखवच. ते 10 ग्रॅमइतका दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला हलकेच टेकवून संवेदना तपासतात, अजिबात दुखत नाही. घट्टा तिथंच नीट तासून देतात. एवढ्यानंही त्या जागेवरचा दाब बराच उतरतो. काका 'काही होत नाही मला' म्हणतील. न दुखणं हीच इथली अडचण आहे, हे त्यांना तूच समजावून सांग, माझं ते ऐकायचे नाहीत.

तुझं बोट जर मुळातच वाकलेलं असेल आणि नीट बूट घालूनही कुरूप परत परत येत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना विचार. नुसतं कोरून काढायच्या ऑपरेशनला एकदम हो म्हणू नकोस. दाब तसाच राहिला तर ते परत येतं, आणि व्रण राहिला तर तोच टोचत राहतो.

काकांना घेऊन जाशील तेव्हा तुम्हा दोघांचे रोजचे, झिजलेले जोडे बरोबर ने, नवे पॉलिश केलेले नकोत. तळ कुठल्या बाजूनं झिजलाय ते बघून डॉक्टरांना बरंच कळतं. काकांना नमस्कार सांग, आणि डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव.

तुझा,
श्री