त्यांनी फक्त पान उलटलं

प्रिय सुमे,

फोन केला असता पण फोनवर तू मधेच "अगं सोड ना" म्हणतेस आणि हे मला सोडायचं नाहीये, म्हणून लिहितेय. तब्येत बरी, आईची शुगर ठीक, गुडघे आहेत तसेच.

जळगावच्या प्रदर्शनात माझी चित्रांची वही काचेच्या शोकेसमध्ये ठेवली होती ना, ती कापूस वेचणीच्या पानावर उघडी होती. तुला पाठवलेलं तेच पान. निंबाखाली दुपारची टेकलेली बाई, पोलकं सोडून पोराला पाजतेय, शेजारची पाय पसरून भाकर खातेय, कापसाचं गाठोडं पाठीशी. दुसऱ्या दिवशी गेले तर वही बैलांच्या पानावर उघडी! फाडलं नाही, कोणी ओरडलं नाही, मोर्चा नाही काही नाही, फक्त पान उलटलं. प्रदर्शनवाल्यांना विचारलं तर म्हणे मॅडम शाळेची पोरं येतात, कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर उगाच वाढेल. अगं माय, ती पोरं काय बाटलीवरच वाढलीत का सगळी? आणि त्याच शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, तिथं सतरा नंबरच्या लेण्यात उघड्या अंगाच्या बायका भिंतभर आहेत, मास्तर टॉर्च मारून दाखवतात आणि दाखवायलाच पाहिजे.

तुझ्या वकीलसाहेबांना विचार, अश्लीलतेच्या कलमातच लिहिलंय की प्राचीन स्मारकावर, देवळावर कोरलेलं रंगवलेलं असेल तर ते लागू नाही, आणि कलेसाठी, लोकांच्या भल्यासाठी असेल त्यालाही सूट आहे. म्हणजे कायद्यात दोघींनाही जागा आहे, मग दीड हजार वर्षांपूर्वीच्या बाईला संरक्षण आणि काल वेचणीला आलेल्या बाईला नाही? 1954 ला मुंबईत चित्रकार अकबर पदमसींना पोलिसांनी चित्रं उतरवा सांगितलं, जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये, विशीतला पोरगा, नाही म्हणाला, केस लढला आणि सुटला. त्याच पदमसींची आणि चित्रकार सूझांची ड्रॉइंग, फोटो कस्टमवाल्यांनी अश्लील म्हणून अडवली, 2024 मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की नग्न म्हणजे अश्लील नाही, सोडा ती. सत्तर वर्षं गं! पण त्यांना निदान नोटीस तरी आली, लढायला समोर कोणीतरी होतं. पान उलटणाऱ्याशी कसं लढू?

आणि खरी भीती वेगळीच आहे. परवा यावलच्या बाजारात बसले होते वही घेऊन. एक म्हातारी, लुगडं मांडीपर्यंत सरकलेलं, हिशोबात गुंग, इतकी सुंदर बसली होती की सोडवेना. पेन टेकवला आणि थांबला. डोक्यात आलं, हे शोकेसमध्ये चालेल का? सुमे, शोकेस! वही तर अजून माझ्या मांडीवर होती. असं कधी झालं नव्हतं. आपले चित्रकलेचे सर रबर आणू द्यायचे नाहीत ना वर्गात, चुकलेली रेघ राहू दे, तिच्याशेजारी दुसरी ओढ, तेव्हापासून मी पेननेच काढते. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, आईच्या उशाशी, कागदाकडे न बघता सुद्धा. वहीत मी कोणाला उत्तर द्यायला बांधील नव्हते, म्हणून तर हात मोकळा होता. आता रेघ ओढायच्या आधीच कोणीतरी खोडतंय.

तू भांडायचीस, दाखवायचं नाही तर काढतेस कशाला. आठवतं, होस्टेलला मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते, न विचारता माझी वही सगळ्यांना दाखवलीस म्हणून. मी अजूनही म्हणते वही आधी माझी, नंतर लोकांची. पण एकदा मी ठरवून उघडली की ती मी उघडली त्याच पानावर राहिली पाहिजे. (आणि तू काय बोलतेस, तुला हात काढायला जमायचे नाहीत म्हणून नऊवारीतल्या आजीलासुद्धा खिशात हात घालायला लावलेस! सर किती हसले होते.)

म्हातारीचं चित्र पूर्ण केलं, मांडीसकट. हात थोडा ताठ आलाय, तरी पाठवते, खरं सांग.

लेकीच्या इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेचं काय झालं? मेमरी ड्रॉइंगला तीही खिशात हात घालते का? नवीन घराचं काम उरकलं असेल, सासूबाईंना नमस्कार.

आता काम सांगते. पुढच्या महिन्यात धुळ्याला हीच वही मागितलीय. देणार, पण लेखी अट घालून, मी उघडलेलं पान मला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, बदलायचं असेल तर कारण लिहून द्यायचं, सहीनिशी. वकीलसाहेबांकडून चार ओळींचा मसुदा करून घे, सोप्या मराठीत, तिथल्या शिपायालाही कळेल असा. सोमवारपर्यंत लागेल.

तुझीच,
मंदा