लडलो पाहायचे तर बाजाराच्या दिवशी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात तू इंग्लंडला येत आहेस हे वाचून फार आनंद झाला. लंडन पाहून झाल्यावर हाताशी दोन दिवस राहतात, त्यांत एखादे जुने गाव निवांत पाहायचे आहे, तर कोणते पाहू, असे तू विचारले आहेस. बाथ आणि स्ट्रॅटफर्ड कोणीही सुचवील, आणि ती गावे सुंदर आहेतही. पण तुझ्यासाठी माझ्या मनात लगेच आले ते लडलो. गड चढून गेल्यावर दरवाजा आणि बुरूज पाहून परत न फिरता, या गडाची पेठ कुठे होती, तिथे काय विकले जात होते, धान्य कोणत्या वाटेने वर येत होते, हे शोधत बसणारा माणूस तू. लडलोत किल्ला आणि पेठ दोन्ही एकमेकांना चिकटून उभे आहेत, आणि त्यांतला किल्ला पडका असून पेठ अजून चालू आहे.

श्रॉपशर परगण्याच्या दक्षिण टोकाला, वेल्सच्या सरहद्दीलगत, टीम नदीच्या वळणावरच्या एका टेकाडावर हे गाव वसले आहे. वस्ती दहा-अकरा हजारांची, पण जतनासाठी सरकारदप्तरी नोंदलेल्या इमारती सुमारे ५०० आहेत. लंडनहून एकदा गाडी बदलून साधारण साडेतीन तासांत तू पोहोचशील. हे स्टेशन श्रूझबरी ते हेरफर्ड या मार्गावर आहे. तिथून गावाचा मध्य पायी अगदी जवळ आहे, मात्र वाट चढाची आहे, तेव्हा सामान हलके ठेव.

सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हे इथले बाजाराचे वार. याशिवाय काही गुरुवारी आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि काही रविवारी जुन्यापुरान्या वस्तूंचा बाजार असतो. तू गुरुवारी संध्याकाळी ये आणि शुक्रवारी सकाळी लवकर किल्ल्यासमोरच्या चौकात जा. चीज, पाव, भाजीपाला, फुलझाडांची रोपे, जुनी पुस्तके अशी पाले लागलेली दिसतील. या चौकात १८८० च्या दशकात बांधलेली विटांची एक थोराड नगरसभागृहाची इमारत होती; ती १९८६ मध्ये पाडली. तिच्याबद्दल हळहळणारे लोकही आहेत, परंतु मला तरी वाटते की त्यामुळे बाजाराला त्याची मोकळी जागा परत मिळाली. मोकळ्या आकाशाखाली, पाठीशी किल्ल्याचा तट घेऊन भरलेला हा बाजार पाहताना या गावाचा उगम डोळ्यांसमोर उभा राहतो.

तो उगम असा. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर सरहद्दीवर जरब बसवण्यासाठी डी लेसी घराण्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस इथे किल्ला बांधायला घेतला, आणि बाराव्या शतकात त्याच्या दारात गाव आखले गेले. आखले गेले हे मी जाणूनबुजून लिहितो, कारण हे गाव आपोआप वाढलेले नाही. नदीकडे सरळ उतरणारे समांतर रस्ते पाडले, त्यांच्या दोन्ही अंगांना साधारण ३३ फूट दर्शनी रुंदीचे आणि मागे लांबच लांब जाणारे भूखंड पाडले, आणि ठरावीक खंडावर ते व्यापारी आणि कारागीर यांना दिले. किल्ल्याच्या दरवाजापासून पूर्वेला बुल रिंग या भागापर्यंत एक रुंद बाजाररस्ता मोकळा सोडला होता. पुढे काय झाले ते तुला ओळखीचे वाटेल. रस्त्याच्या मधोमध ओळीने लागणारी पाले हळूहळू हलेनाशी झाली, पालांच्या जागी लाकडी दुकाने आली, दुकानांवर माड्या चढल्या, आणि शेवटी रस्त्याच्या पोटातच घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज चौकातून बटरक्रॉसकडे जाताना हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, हार्प लेन, मार्केट स्ट्रीट असे अरुंद बोळ शेजारीशेजारी लागतात. ते सारे त्या एका रुंद रस्त्याचे तुकडे आहेत. हार्प लेनमध्ये क्षणभर थांब आणि दोन्ही बाजूंच्या घरांकडे वर पाहा. आपण मध्ययुगीन बाजाराच्या ऐन मध्यावर उभे आहोत हे लक्षात ठेवून पाहिले, तर त्या बोळाचे रूपच पालटते.

बटरक्रॉस ही दगडी खांबांची, माथ्यावर छोटा घुमट असलेली इमारत १७४० च्या दशकातील आहे. तिच्या कमानींखाली लोणी विकले जाई. वरच्या मजल्यावर आता गावाचे छोटेसे संग्रहालय आहे. तिथून पुढे बुल रिंगच्या बाजूला फेदर्स हॉटेलची १६१९ सालची लाकडी दर्शनी भिंत आहे. काळ्या ओकच्या तुळयांवरचे कोरीवकाम इतके दाट आहे की बोटभर जागाही सपाट सापडत नाही. तिचेच छायाचित्र सगळीकडे छापलेले असते, म्हणून अधिक लिहीत नाही.

बटरक्रॉसच्या मागे सेंट लॉरेन्स चर्च आहे, आणि तिथे मात्र तू घाई करू नकोस. इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या ग्रामचर्चांपैकी हे एक आहे. एवढ्याशा गावाला १३५ फुटी मनोरा कशाने परवडला, याचे उत्तर लोकरीत आहे. सरहद्दीवरच्या डोंगरांतल्या मेंढ्यांची लोकर या पेठेतून दूरदूर जात होती, आणि त्या पैशावर इथले व्यापारी गब्बर झाले. त्यांनी पाल्मर्स गिल्ड नावाचा धार्मिक संघ चालवला. सभासदांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणारे धर्मगुरू त्याच्या पदरी असत, आणि वर्गणीदार गावाबाहेरही लांबवर पसरलेले होते. सोळाव्या शतकात हा संघ मोडला, तेव्हा त्याची शाळा आणि वृद्धांसाठीचे आश्रयगृह नगरपालिकेकडे आले.

चर्चच्या आतल्या भागात गायकवर्गाच्या बैठकांच्या दोन रांगा आहेत. त्यांच्या फळ्या बिजागरीवर उचलता येतात आणि उचललेल्या फळीखाली एक छोटा टेकू असतो. तासन्‌तास उभ्याने प्रार्थना म्हणणाऱ्याला त्यावर हळूच टेकता यावे अशी ती सोय. त्या टेकूंखालचे पंधराव्या शतकातील कोरीवकाम पाहण्यासाठी मी तुला एवढ्या लांब पाठवतो आहे, असे समज. एकूण २८ टेकू आहेत. त्यांतला एक शोधून काढ : मापात पाप करणाऱ्या एका कलालिणीला सैतानाच्या दूताने उलटी खांद्यावर टाकली आहे, अंगावर वस्त्र नाही, डोक्यावरचे झोकदार शिरोभूषण मात्र तसेच आहे, आणि ज्या खोट्या मापाने तिने गिऱ्हाइकांना नाडले ते हातातून सुटलेले नाही. एक दूत पिशवीचे वाद्य, म्हणजे बॅगपाइप, फुंकतो आहे, दुसरा तिच्या पापांची यादी वाचतो आहे, आणि कडेला नरकाचा जबडा उघडा आहे. देवळात, तेही गाभाऱ्याजवळ, मापातली लबाडी एवढ्या तपशिलाने कोरून ठेवावी असे ज्या गावाला वाटले, त्या गावाचा बाजारावर किती जीव असेल! हे काम हातभर रुंदीचेही नाही, आणि प्रकाश कमी असतो. सोबत लहान विजेरी ठेव.

मनोऱ्यावर जायला सुमारे २०० पायऱ्यांचा चक्री जिना आहे. गुडघे साथ देत असतील तर जरूर चढ, कारण गावाची आखणी वरून जशी समजते तशी नकाशावर समजत नाही.

दुपारी ब्रॉड स्ट्रीटने खाली उतर. इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या रस्त्यांत याची गणना करणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलाच आहे. अठराव्या शतकात श्रीमंतांनी आपल्या जुन्या लाकडी घरांना विटांचे नवे दर्शनी भाग चढवले. उंच खिडक्यांच्या त्या शिस्तबद्ध भिंतींमागे अनेक ठिकाणी शेकडो वर्षांपूर्वीचा लाकडी सांगाडा अजून आहे. रस्त्याच्या तळाशी ब्रॉडगेट ही वेस लागते. तटबंदीला चार मुख्य वेशी होत्या, त्यांतली एवढीच उरली, आणि तिच्या माथ्यावर चक्क एक घर बांधलेले आहे. वेशीखालून बाहेर पडलास की लडफर्डचा जुना दगडी पूल येईल. १४५९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या गादीसाठी झगडणाऱ्या यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांच्या फौजा याच पुलापाशी समोरासमोर आल्या. रातोरात यॉर्कचा ड्यूक आणि त्याचे सरदार निसटले, आणि दुसऱ्या दिवशी विजयी सैन्याने लडलो लुटले. त्यातूनही पेठ सावरली.

पूल ओलांडताच कोपऱ्यावर खडकाचा एक उघडा कडा दिसेल. रस्त्याकडेचा साधा दगड समजून पुढे जाऊ नकोस. रॉडरिक मर्चिसन या भूशास्त्रज्ञाने याच मुलखातले खडक अभ्यासून १८३९ मध्ये सिल्युरियन या पृथ्वीच्या अतिप्राचीन कालखंडाची मांडणी प्रसिद्ध केली, आणि त्या कालखंडाच्या एका विभागाला आजही जगभर लडलो याच नावाने ओळखतात. जमिनीवर वावरणाऱ्या अतिप्राचीन जीवांचे अवशेषही या कड्यात सापडले आहेत. तो संरक्षित आहे. खडा उचलायचा नाही. तिथून व्हिटक्लिफच्या रानातली ब्रेडवॉक ही पायवाट नदीकाठाने डिनमच्या पुलापर्यंत जाते. ही वाट बांधणाऱ्यांना मजुरी पावाच्या रूपाने दिली, असे सांगतात. वर चढून गेल्यावर नदी, किल्ला, चर्चचा मनोरा आणि गावाची छपरे एकाच दृष्टिक्षेपात येतात. उन्हे कलत असताना किल्ल्याचा दगड सर्वांत चांगला दिसतो.

किल्ला मी मुद्दाम शनिवारसाठी राखला आहे. बालेकिल्ल्यातील गोल प्रार्थनामंदिर बाराव्या शतकातले आहे. छप्पर गेले आहे, पण भिंतीलगतच्या कमानी आणि दरवाजावरची नक्षी शाबूत आहे. मुख्य वाड्याच्या खोल्यांमध्ये उभे राहिल्यावर दोन राजपुत्र आठवल्याखेरीज राहत नाहीत. चौथ्या एडवर्डचा थोरला मुलगा १४७३ पासून इथे वाढला, आणि १४८३ च्या एप्रिलमध्ये वडील वारल्याची बातमी त्याला इथेच कळली. बारा वर्षांचा तो राजा इथून लंडनला निघाला, आणि तिथल्या टॉवर या किल्ल्यातून धाकट्या भावासह नाहीसा झाला. दुसरा राजपुत्र आर्थर. अॅरागॉनच्या कॅथरिनशी त्याचे लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच २ एप्रिल १५०२ रोजी पंधराव्या वर्षी तो या किल्ल्यात वारला. त्याची विधवा पुढे त्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे आठव्या हेन्रीने, वरली. त्या विवाहातून सुटका करून घेण्याच्या वादात इंग्लंडचे चर्च रोमपासून तुटले. वेल्स आणि सरहद्दीचा कारभार पाहणारे मंडळ याच किल्ल्यातून चाले. ते १६८९ मध्ये बरखास्त झाले, आणि राबता थांबल्यावर किल्ला ओस पडून ढासळत गेला. बांधकामाच्या दुरुस्तीसाठी काही भाग बंद ठेवावे लागतात. निघण्यापूर्वी वेळा पाहून घे.

आणखी एक धागा आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. १८११ मध्ये हा किल्ला राजसत्तेकडून विकत घेतला तो एडवर्ड क्लाइव्हने. प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचा हा मुलगा. त्याने वीस वर्षे पार्लमेंटात लडलोचे प्रतिनिधित्व केले, मग १७९८ ते १८०३ तो मद्रासचा गव्हर्नर होता, आणि परतल्यावर अर्ल ऑफ पोविस झाला. श्रीरंगपट्टण पडले ते त्याच्याच कारकिर्दीत. वसईच्या तहानंतर १८०३ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवायला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आला, तेव्हा त्याच्या फौजेत मद्रास इलाख्याच्या पलटणी होत्या आणि मद्रासला गव्हर्नर हाच होता. किल्ला अजूनही पोविसच्या इस्टेटीकडेच आहे. मला असे फार वाटते की तिथे जाणाऱ्या मराठी माणसाला हे माहीत असावे. वेल्सच्या हद्दीतल्या पोविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू ठेवलेला आहे. वाहन मिळाले तर तोही बघ.

खाण्यापिण्याबाबत लडलोचे नाव मोठे आहे. सप्टेंबरात किल्ल्यात खाद्यमहोत्सव भरतो. १९९५ पासूनची ती प्रथा आहे. पहिल्या भेटीत तू ते दिवस टाळ, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तेव्हा गावात खोली मिळणे मुश्कील होते आणि गर्दीत गाव दिसत नाही. एरवीच्या दिवशी बाजारातले चीज, ताजा पाव आणि इकडची सफरचंदे घेऊन नदीकाठी बसलास तरी उत्तम जेवण होईल. दुकाने संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटतात, तेव्हा खरेदी आधी आटप.

रविवारी परत निघण्यापूर्वी सकाळ मोकळी असेल तर उत्तरेकडे पुढच्याच स्टेशनावर, क्रेव्हन आर्म्सला, उतर. तिथून थोडे चालून स्टोकसे किल्ला लागतो. नावाला किल्ला, पण मुळात लडलोच्याच लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ती गढी. तटबंदीचा परवाना त्याला १२९१ मध्ये राजाकडून मिळाला, आणि तीनच वर्षांनी लोकर घेऊन निघालेले जहाज बुडून तो गेला. त्याच्या दिवाणखान्याचे मूळ लाकडी छप्पर आजही डोक्यावर आहे. आत भिंतीलगत वर जाणारा जुना लाकडी जिना आहे, त्याच्या पायऱ्या जवळून पाहा, अखंड ओकच्या ओंडक्यांतून काढलेल्या आहेत.

तिकिटे काढण्यापूर्वी तारखा कळव, म्हणजे महोत्सवाचे दिवस सोडून खोली पाहून ठेवता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र