ऑइल क्रीकहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, १८५९ मध्ये इथे पाडलेल्या ड्रेकच्या खनिज तेलाच्या विहिरीत एवढं नवीन काय होतं, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर ते अर्धवटच राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तेल इथे कुणी ‘शोधलं’ हेच मला पटत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या या व्हेनँगो काउंटीत ऑइल क्रीक या ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग असायचाच. इथले मूळ रहिवासी सेनेका लोक तो घोंगड्यांनी टिपून घ्यायचे. ओढ्याकाठचे लाकडांनी बांधून काढलेले खड्डे त्याहूनही जुने. पुढे अ‍ॅलेगेनी नदीच्या खोऱ्यात मिठाच्या पाण्यासाठी खोल विहिरी पाडल्या, त्यांतही हे तेल यायचं आणि मीठवाल्यांना नकोसं व्हायचं. १८५५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन यांनी दिव्यासाठी ते उत्तम असल्याचा अहवालही दिला होता. अडत होतं ते पाण्यापाशी. विहिरीत पाणी नको होतं, आणि तेल बाहेर न्यायला ओढ्यात पाणी हवं होतं. या काउंटीची पुढची काही वर्षं या दोन गोष्टींतच गेली.

एडविन ड्रेक हा रेल्वेत कंडक्टर होता. १८५८ मध्ये तो टायटसव्हिलला राहायला आला आणि गावाच्या खालच्या अंगाला त्यानं आधी माणसं लावून खड्डा खणायला घेतला. काठची जमीन वाळू-गोट्यांची, त्यामुळे खड्डा पाण्यानं भरायचा आणि कडा ढासळायच्या. पुढच्या वर्षी त्यानं टॅरेंटमहून विल्यम स्मिथ या लोहाराला आणलं. स्मिथ मीठविहिरींची हत्यारं घडवणारा, त्यामुळे कामाची त्याला जाण होती. मग दहा-दहा फुटांचे बिडाचे पाइप एकावर एक चढवून, रहाटानं उचललेला ओकचा ओंडका वरून आदळत, ३२ फुटांवरच्या खडकापर्यंत ठोकत नेले. छिद्र पाडलं ते या पाइपच्या आतून. आपल्याकडे बोअर मारताना मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग घालतात, तेच हे. ड्रेकचं खरं काम हा पाइप आहे असं मी मानते. त्यानं त्याचं पेटंट घेतलं नाही, आणि ती पद्धत सगळ्यांची झाली.

खडकात काम दिवसाला जेमतेम तीन फूट व्हायचं. सहा अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनानं दोराला टांगलेली जड छिन्नी उचलायची आणि सोडायची. दर ठोक्याला ती थोडी फिरवावी लागते, नाहीतर छिद्र गोल राहत नाही. खालचा चिखल अधूनमधून पोहऱ्यानं उपसायचा, नाहीतर ठोका खडकावर न बसता चिखलावरच बसतो. छिन्नीची धार कडेनं झिजली की छिद्र खाली अरुंद होत जातं आणि नवी छिन्नी त्यात अडकते, म्हणून शेजारी भट्टी पेटलेली हवी. २७ ऑगस्ट १८५९, शनिवारी, ६९.५ फुटांवर छिन्नी एका फटीत घसरली आणि काम थांबवलं. रविवारी स्मिथ बघायला गेला, तर पाइपात तेल दिसत होतं.

ज्यांच्याकडे इंजिनाचे पैसे नव्हते, ते लवचीक लाकडाचा लांब दांडा आडवा रोवून, त्याच्या शेंड्याला छिन्नी टांगून, पायांनी खाली दाबत विहीर पाडायचे.

खोल विहिरींत मात्र खडकाच्या भेगांतूनच पाणी झिरपायचं. त्यावर जवसाची पिशवी हा उपाय होता. तेल उपसायच्या नळीभोवती कातडी पिशवी बांधायची, तीत कोरडे जवस भरायचे आणि पाण्याच्या भेगांच्या खाली ती नेऊन ठेवायची. जवस फुगले की नळी आणि खडक यांच्यामधली फट बंद, मग खालचं पाणी उपसलं की मागून तेल. बिघडायचं ते नळी दुरुस्तीला वर काढताना. पिशवी सुटायची आणि वरचं सगळं पाणी तेलाच्या खडकात उतरायचं. त्याच खडकातून उपसणाऱ्या शेजाऱ्याची विहीरही बुडायची, म्हणजे एकाच्या दुरुस्तीत दुसऱ्याचं नुकसान. कायमच्या केसिंगकडे लोक वळले ते यामुळे.

आता बाहेरचं पाणी. ऑइल क्रीक उथळ. वरच्या अंगाच्या गिरण्यांचे बांध ठरलेल्या वेळी फोडायचे, त्या पाण्याचे गिरणीवाल्यांना पैसे द्यायचे, आणि लोंढ्याबरोबर पिंपांनी भरलेले सपाट पडाव ऑइल सिटीपर्यंत सोडायचे. पडाव लवकर सोडला तर तो लोंढ्याच्या पुढे जाऊन तळाला टेकायचा, उशीर झाला तर पाणी ओसरून मागेच राहायचा. एक आडवा झाला की मागचे त्यावर आदळायचे आणि तेल ओढ्यात. ऑइल सिटीहून पिट्सबर्ग अ‍ॅलेगेनी नदीनं सुमारे १३० मैल. पिंपं गळायची, म्हणून ४० गॅलनला २ गॅलन वर देण्याची रीत पडली. आजचं ४२ गॅलनचं बॅरल तिथूनच आलं.

आई, तुझ्यासाठी एक. पुढे आशियात जाणारं अमेरिकन रॉकेल पिंपांऐवजी पत्र्याच्या डब्यांत भरू लागले, पाच गॅलनचे दोन डबे एका लाकडी खोक्यात. डब्यात जवळजवळ १९ लिटर, आणि गळती नाही.

ओढ्याचा प्रश्न सुटला तो १८६५ मध्ये. त्या जानेवारीत याच काउंटीतल्या पिटहोलला तेल लागलं आणि सप्टेंबरपर्यंत तिथे सुमारे १५,००० माणसं गोळा झाली. चिखलातून पिंपं ओढणारे गाडीवाले मागतील तो दर घेत. सॅम्युएल व्हॅन सायकेलनं ऑक्टोबरमध्ये दोन इंची लोखंडी नळ पाच मैलांहून लांब, मिलर फार्मच्या रेल्वेपर्यंत टाकला आणि पंपांनी तेल ढकललं. आधीच्या नळांचे सांधे गळत होते, याचे सांधे आट्यांचे होते. गाडीवाल्यांनी नळ तोडले, तेव्हा बंदुकवाले पहारेकरी नेमावे लागले. शेवटी नळच टिकला. पिटहोल मात्र टिकलं नाही, १८७७ मध्ये त्याची गाव म्हणून असलेली सनदही रद्द झाली.

इथली १८६१ ची मॅक्लिंटॉक ही तेलविहीर आजही थोडं तेल देते. बाबा, जवसाच्या पिशवीबद्दल आपल्या बोअरवाल्यांना विचारून पाहा, त्यांनी असं काही पाहिलं असेल तर कळवा.

तुमची लेक